आर्डिसच्या हातची काडतुसं

गुरुवारी दुपारी दुकानाचं दार वाजलं की मी मान वर न करताच सांगायचे, डेल्मर ऑस्बी आला. आधी पायपुसण्यावर बुटांची खडी झटकायची, मग टोपी काउंटरवर ठेवायची, आणि मग ते ठरलेले दोन शब्द.

"नाही जमलं."

"मग सोड की नाद."

"सोडतो. आधी ती नवी दारू आलीय म्हणालीस ती दाखव."

दोन वर्षं हेच चाललं होतं. आमच्या हार्लिन गावात खिळे, कोंबड्यांचं खाद्य आणि बंदुकीची दारू मिळायचं दुकान एकच, ते माझं, व्हर्ना पेल्कीचं. त्यामुळे गावात कोण खरोखर घरी रिकाम्या पुंगळ्यांत दारू-गोळी बसवून काडतुसं भरतं आणि कोण नुसत्या बाता मारतं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. डेल्मर बाता मारणाऱ्यातला नव्हता. गुरुवारी सकाळी नऊला गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत जायचा, तिथं आमचं नेमबाजीचं मैदान आहे. शंभर पावलांवर कागद लावायचा, तीन गोळ्या झाडायच्या, नळी गार होईपर्यंत गाडीत बसायचं, पुन्हा तीन. वाऱ्याशिवाय सोबतीला कुणी नाही. मी एकदा त्याला जेवणाचा डबा पोचवायला गेले होते. हा बाबा गाडीत काचा वर करून बसलेला, हातात भोकं पडलेला कागद, आणि ओठ हलतायत. कुणाशी बोलत होता ते मी विचारलं नाही.

ते मला माहीत होतं. आर्डिसशी.

आर्डिस त्याची बायको. लग्न झाल्यापासून काडतुसं भरायची ती आणि झाडायचा तो. जन्मभर पोस्टात तराजूपाशी बसलेली बाई, तिच्या हाताला कंप म्हणून माहीत नाही. तळघरात तिचं टेबल होतं. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, दुसरा उघडायचा तर पहिला फळीवर जायलाच हवा. आणि भरून झाली की वीस काडतुसांच्या डबीवर चिठ्ठी: गोळी किती वजनाची, दारू कोणती, किती, तारीख. ही चिठ्ठी म्हणजे आमच्याकडे शपथ असते हो. माणूस वयाबद्दल खोटं बोलेल, माशाच्या लांबीबद्दल तर बोलेलच, पण डबीवरच्या चिठ्ठीवर खोटं लिहिणार नाही. एकाची डबी दुसऱ्याच्या हातात गेली आणि आकडा खोटा निघाला, तर नळी फुटून डोळा जायचा.

आर्डिस दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेली. मागे तिच्या हातची एक डबी राहिली. चिठ्ठीवर नेहमीचा आकडा, एकशेऐंशी ग्रेनची, म्हणजे चांगली जड गोळी. डेल्मरची आवडती. खानावळीत बसून छाती फुगवून सांगायचा, "एल्कसारखं घोड्याएवढं सांबर पाडायचं तर एकशेऐंशी. दीडशेची गोळी पोराटोरांना द्या, नाहीतर हबला." हब क्रेमर, मैदानाची चावी सांभाळणारा, दीडशेच मारायचा आणि मुकाट ऐकून घ्यायचा.

तर त्या वीस काडतुसांतली दोन पहिल्याच हिवाळ्याआधी एल्कवर गेली. उरलेली संपायच्या आत तशीच भरायला शिकायचं, हा डेल्मरचा हट्ट. तिची वही होती, तिचा तराजू होता, गोळी तीच, दारू तीच, माप वहीतलंच. आणि जमत नव्हतं. तिचं काडतूस जिथं लागायचं, त्याच्या चार बोटं खाली याचं लागायचं. तिच्या तीन गोळ्या एका बशीत बसायच्या, याच्या परातभर पसरायच्या. मग हा दारू बदलायचा. जाड दाण्याची आणली, बारीक आणली. गोळी दोनशेची करून बघितली. एकदा अगदी नाइलाजानं एकशेपासष्टवर आला आणि मला म्हणाला, "कुणाला बोलू नकोस." त्याखाली उतरायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. असा मोठा बदल केला की ताडून बघायला तिचं एखादं काडतूस खर्ची पडायचं. करता करता चार उरली.

"तिच्या काडतुसाचा खांद्याला धक्काच बसत नाही गं," एकदा तो म्हणाला. "माझं मात्र खेचर लाथ मारतं तसं मारतं. वजन तेच, दारू तीच. मी म्हातारा झालो म्हणावं, तर त्याच दिवशी तिचं काडतूस मी आरामात झाडतोय."

मी खिळे मोजत होते. मोजतच राहिले.

आता सांगूनच टाकते. त्या डबीत एकशेऐंशीची गोळी नव्हतीच. ती गेली त्याआधीची अकरा वर्षं कुठल्याच डबीत नव्हती. डेल्मरला घोड्यानं पाडलं, उजव्या खांद्यात लोखंडाची पट्टी बसली, त्याच उन्हाळ्यात आर्डिस माझ्याकडे आली. म्हणाली, "व्हर्ना, दीडशेची गोळी दे. आणि तिच्याबरोबर चालणारी सौम्य दारू. आणि तोंड बंद ठेव." एकशेऐंशीची पेटी नवऱ्यादेखत घेऊन जायची, पुढच्या आठवड्यात विणकामाच्या पिशवीतून परत आणायची, आणि मी दीडशेची द्यायचे. दारूचा डबा तर माझ्याच मागच्या कपाटात असायचा. काम झालं की आणून ठेवायची. वहीत आणि चिठ्ठीवर मात्र एकशेऐंशी. हा गडी अकरा वर्षं दीडशेच्या गोळीनं एल्क पाडत होता आणि हबला हसत होता. आम्ही दोघी माझ्या कोठारात पोट धरून हसायचो.

ती गेल्यावर सांगायला हवं होतं मी. पण शब्द दिला होता. आणि खरं बोलायचं तर, गुरुवारी दुपारी दार वाजायची मला सवय झाली होती. माझ्याकडे तरी दुसरं कोण येतं? खिळे घेणारी माणसं खिळे घेऊन जातात. हा अर्धा तास उभा राहून बोलायचा. सांगितलं की संपलं, एवढा साधा हिशोब होता माझा, आणि त्याची मला लाज वाटते.

सप्टेंबरचा तिसरा गुरुवार. दार वाजलं, टोपी काउंटरवर आली, आणि टोपीशेजारी रायफल. कातडी म्यानासकट.

"विकून टाक," डेल्मर म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं? चार आठवड्यांवर शिकारीचा हंगाम आला."

"यंदा जात नाही. पुढंही नाही." त्यानं कॉलर बाजूला केली. खांद्यापासून छातीपर्यंत काळंनिळं, पिकल्या आलुबुखारासारखं. "तिची चार संपली की माझ्या हातची मला झाडता येणार नाहीत. कळलं मला. ती काहीतरी करायची, ते तिच्याबरोबर गेलं. मी मूर्खासारखा दोन वर्षं खाणीत बसून राहिलो." मग जरा थांबून म्हणाला, "निदान गुरुवारी तरी वाटायचं की ती आणि मी अजून मिळून काहीतरी करतोय."

दोन वर्षं मी या माणसाला अंग ठेचून घेऊ दिलं होतं.

"तिचं एक काडतूस दे इकडे," मी म्हटलं.

"कशाला?"

"फोडू या."

तो असा बघायला लागला की जणू मी थडगं उकरायला सांगितलं. "वहीत लिहिलंय सगळं. फोडायचं कशाला?"

"बरं, नको फोडू. तराजूवर ठेव. आधी तिचं, मग तुझं."

ही एवढी गोष्ट दोन वर्षांत त्यानं केली नव्हती. दुसऱ्या कुणाचं काडतूस असतं तर पहिल्या दिवशी केली असती. पण तिनं लिहिलेलं पुन्हा तोलायचं म्हणजे बायकोला खोटारडी म्हणणं, आणि तेवढं त्याच्यानं झालं नाही.

मी दुकानातला दारू-गोळी तोलायचा बारीक तराजू पुढं ओढला. त्यानं खिशातून डबी काढली, एक काडतूस उचललं, ठेवलं. मग स्वतःचं ठेवलं. आकडा बघितला. पुन्हा ठेवलं.

"तुझा तराजू बिघडलाय."

"काल तपासलाय."

"बिघडलाय म्हणतो ना!"

मग त्यानंच काडतुसातली गोळी सोडवायची ती प्लास्टिकची पोकळ हातोडी मागितली. काडतूस तिच्यात अडकवून लाकडावर तीनदा आपटलं, आणि गोळी सुटून खाली पडली. दारू त्यानं पांढऱ्या कागदावर ओतली. बारीक, गोल दाणे. वहीतली दारू काड्यांसारखी असते, आंधळ्यालाही बोटानं फरक कळेल. गोळी तराजूवर ठेवली. दीडशे.

तो कानापर्यंत लाल झाला.

"चिठ्ठीवर?" तो ओरडला. "चिठ्ठीवर खोटं? आर्डिसनं?"

"डेल्मर..."

"मी ही काडतुसं हबला दिली असती तर? कुणालाही दिली असती तर?"

"तू कुणाला देतोस? त्यातलं एकसुद्धा काडतूस हातचं सोडणार नाहीस तू."

तो माझ्याकडे वळला. "तुला कसं सुचलं फोडायचं?"

मी मागच्या कपाटातून अर्धा भरलेला डबा आणला आणि कागदाशेजारी ठेवला. दाणे तेच. समजावून सांगायची गरज पडली नाही.

"तुला माहीत होतं."

"होतं."

"दोन वर्षं मी इथं येऊन भोकं पडलेले कागद दाखवत होतो, आणि तुला माहीत होतं."

"हो."

त्यानं टोपी घातली. तीन काडतुसांची डबी उचलली, रायफल उचलली. दारापाशी पोचला, परत आला, त्या कागदावरची दारू आणि ती दीडशेची गोळी पुडीत बांधली आणि घेऊन गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढचे तीन गुरुवार तो आला नाही. मैदानावरही गेला नाही, हब म्हणाला. कोंबड्यांचं खाद्य आणायला चाळीस मैल लांबच्या गावात गेला, तेही मला कळलं. गुरुवारी दुपारी मी उगीच काउंटर पुसायचे. दोनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही. रुबार्ब घालून गोड केक भाजला, त्याच्या फाटकापर्यंत गेले आणि तशीच परत आले. त्याचं तळघर, आर्डिसचं ते टेबल, आणि तिथं हा एकटा बसलेला, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. मेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे काय असतं हे मला माहीत आहे. ओरडायला जावं तर समोर कुणी नसतं.

शिकारीच्या आदल्या गुरुवारी दुकानात गर्दी होती. सहा-सातजण होते, हबसुद्धा. दार वाजलं. डेल्मर सरळ काउंटरपाशी आला. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात.

"दीडशेची पेटी दे," तो म्हणाला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

हब अशी संधी सोडतोय होय! "दीडशे? अरे वा! कुठल्या पोराटोरासाठी नेतोयस रे डेल्मर?"

"माझ्यासाठी."

"तू? तू तर..."

"अकरा वर्षं दीडशेच मारत होतो मी. बायको भरून देत होती आणि मला पत्ता नव्हता." तो हबकडे वळला. "तुला हसलो ते चुकलं माझं."

हबनं हातमोजे उचलले, "बरं, बरं" करत निघून गेला. बाकीचेही एकेक करून पांगले. मी पेटी काउंटरवर ठेवली. डेल्मरनं ती उचलली नाही.

"माझ्यावर रागावलायस ना?" मी विचारलं.

"तुझ्यावर होतो. मग तिच्यावर. रात्रंदिवस त्या टेबलापाशी बसून तिला बोल बोल बोललो. चिठ्ठीवर खोटं लिहितेस म्हणून." त्यानं पेटीवर हात ठेवला. "मग आठवलं. घोड्यानं पाडलं त्या उन्हाळ्यात तिनं मला विचारलं होतं. एकदा नाही, तीन-चारदा. दुखतंय का रे, म्हणाली. हलकी भरून देऊ का, म्हणाली. आणि मी तिच्यावर खेकसलो. मला काही होत नाही, म्हणालो. एकशेऐंशीच भर, म्हणालो."

"आणि दुखत होतं?"

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर काही नव्हतं, त्याची गाडी आणि रिकामा रस्ता.

"नुसतं हो म्हणालो असतो, तर तिला माझ्यापासून काही लपवावं लागलं नसतं. ती तशी बाई नव्हती गं. मी तिला तशी केली." त्यानं पेटी बाजूला सारली. "दुखतंय, व्हर्ना. तेव्हापासून. एक दिवस थांबलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय कुणाला, आणि जिनं विचारलं होतं तिला सांगता येत नाही."

मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं, स्टोव्हजवळची खुर्ची पुढं ओढली आणि त्याला बसवलं. "कुठं दुखतं ते दाखव मला," मी म्हटलं. त्यानं उजवा हात वर न्यायला घेतला, तो छातीच्या वर जाईना. मग त्यानं डाव्या हातानं दाखवलं.