दहापैकी चार

सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून मालाची प्रत सांगणारे एक काका आहेत. फुटबॉलचा हंगाम संपला, की ते परदेशी संघांनाही दहापैकी मार्क देतात. भोवती पाच-सहा जण चहा घेऊन भांडत असतात.

"आवं, गोलकीपर नवा घेतलाय, आता तरी आठ द्या," कुणीतरी म्हणतं.

"घेतलाय म्हंजे अडवतोय व्हय रं? सहा."

बोलताना ते समोरच्याकडे बघत नाहीत. बोटं सारखी हळद खरवडत असतात.

मला याची चीड यायची. यार्डामागचं फुटबॉलचं मैदान पार्किंगला द्यायचा घाट घातलाय, आणि यांना काळजी लंडनच्या गोलकीपरची. परवा मी आमचं मैदान वाचवायचं पत्रक त्यांच्यापुढं आपटलं. "काका, आधी यावर सही करा."

त्यांनी ते सावकाश, दोनदा वाचलं. "चार."

"काय चार?"

"दहापैकी. शिव्या लय हायत गड्या. तितं खेळतंय कोण, ते कुठं लिवलंय?"

सत्ताधारी, ठेकेदार, जनतेचा आक्रोश, सगळं होतं त्यात. खेळणारं कुणी नव्हतं. काकांनी पत्रक उलटं करून पिवळ्या बोटांनी चौदा नावं लिहिली. कोण डाव्या पायाचा, कोण रात्रपाळी करून येतो, कुठली पोरगी सगळ्यात जोरात पळते, तेही लिहिलं. मग खाली सही केली.

दोन महिने मी त्या मैदानासाठी घसा फोडत होतो. त्या चौदांतलं एकही नाव मला माहीत नव्हतं.