झडतीत सापडलेल्या चपला

"शपथ घे अक्का, लेकराची शपथ घे!" असं म्हणून तिनं माझा हात धरला आन माझ्याच पोराच्या टाळूवर दाबला. बाहेरून जमादार ओरडून राह्यले, "काय गं बाई, सापडलं का काही?" माझ्या दुसऱ्या हातात तिच्या चपला. दोन्ही लेकरं रडून राह्यली, तिचं बी आन माझं बी. खोली एवढीशी, वरच्या झरोक्यातून तेवढा उजेड, आन मला काही सुचंना. मी म्हणून गेले, "घेतली बाई, घेतली, सोड." आन बाहेर ओरडले, "काही न्हाई जमादारसाब. लेकराचे कपडे हायेत."

तिथंच चुकलं. किंवा मंग तिथं बराबर होतं आन पुढं चुकलं. मला अजून कळलं न्हाई. तो दिस काही केल्या मनातून जात न्हाई म्हणून लिहिते.

मी काही अंमलदार न्हवते. माझे मालक ठाण्यात शिपाई होते, ते तापानं गेले तेव्हा पोरगं सात महिन्याचं. माझं शिक्षण चौथीपस्तोर. बाई आरोपीच्या अंगाला पुरुषानं हात लावायचा न्हाई, झडती बाईनंच घ्यायची, असा कायदा. म्हणून ठाण्यानं मला त्या कामाला ठेवलं. बाई आरोपी आली की झडती घ्यायची, न्हाई आली त्या दिवशी झाडलोट करायची, रांजण भरायचा. पोराला कडेवर घेऊन मी हे काम चार वरसं केलं. आता सोडलं.

ठाणं आमचं अंबडच्या अंगाला. दोन खोल्या, एक लॉकप, पुढं ओसरी. जमादार निजामाच्या जमान्यातले, मिशा पांढऱ्या, अर्धी बोली उर्दू. फौजदार नवे, पंचविशीतले, पुण्याकडून आलेले, आरोपीला बी "अहो" म्हणायचे. जमादाराला ते बिलकुल पटत न्हवतं. "साहेब, अहो म्हणल्यावर चोर बोलतो का?" असं त्यांच्या माघारी आम्हाला म्हणायचे.

त्या दिवशी सकाळीच वडीगोद्रीकडच्या एका गावाहून पोलीस पाटलाचा माणूस पळत आला. म्हणला, आमच्या गावात पोरानं बापाचं डोकं फोडलंय, बाप स्वतः फिर्याद द्यायला येऊन राह्यलाय. जमादारानं बूट घातले. फौजदार दौऱ्यावर गेल्ते, दुपारी येणार होते.

घंटाभरानं बैलगाडी आली. म्हातारा साठीचा, उंच, डोक्याला रक्तानं भिजलेला पांढरा रुमाल बांधलेला, आन स्वतःचा लाल पटका मांडीवर घेतलेला. गाडी हाकत होता तो वीस-एकवीस वरसाचा पोरगा, केस कापलेले, डोक्यावर काही न्हाई. त्यानं उतरून आधी बैल सोडले, मंग म्हाताऱ्याला हात द्यायला गेला. म्हाताऱ्यानं हात झिडकारला आन एकटाच उतरला. पोरानं खाली वाकून त्याचा जोडा पायापुढं सरळ करून ठेवला. मागून एक सून उतरली, पदर पार हनुवटीपस्तोर, पाठीला लेकराची झोळी, एक पाय टेकवत न्हवती.

जमादारानं विचारलं, "मारणारा कुठंय?"

म्हाताऱ्यानं गाडी हाकणाऱ्याकडं बोट केलं.

मी रांजणापाशी उभी होते, मला हसूच आलं, मंग भ्या वाटलं. आरोपीनंच फिर्यादीला गाडी जुपून ठाण्यात आणलं होतं. जमादाराच्या ते ध्यानातच न्हाई आलं. त्यांना दिसलं ते निराळंच. "टोपी कुठंय रे? बापासमोर उघड्या डोक्यानं? हे बघा आजकालचं लेकरू! आमच्या जमान्यात बाप ओसरीवर असला तर आम्ही मागच्या दारानं जायचो!"

पोरगा खाली बघून उभा.

फिर्याद अशी, की सकाळी घरात बोलाबोली झाली, पोरानं काठी घेऊन डोक्यात मारली, आन सुनंनं ती काठी दडवली. जमादारानं कच्च्या कागदावर लिहून घेतलं. फौजदार आले की त्यावर सही, मंग रोजनाम्यात नोंद, मंग शिपायासंगं पोराला दुपारच्या मोटारीनं अंबडला कोर्टात. एकदा नोंद पडली की ती कुणाच्या बापाला खोडता येत न्हाई, हे मला ठावं होतं.

जमादारानं पोराला आतल्या खोलीत घेतलं. सुनंला विचारलं, "काठी कुठंय?" ती गप. "बोल की, मुकी हायेस का?" ती गप. म्हातारा तिथंच ओसरीवर बसलेला, सासरा समोर असताना सून तोंड कशी उघडणार? आमच्याकडं सुनंचा आवाज सासऱ्याच्या कानी पडू देत न्हाईत. पण जमादाराला वाटलं, चोर हाय म्हणून गप हाय. मला म्हणले, "घे हिची झडती."

खोलीचं दार लावलं तशी ती खालीच बसली. पाय बघितला तर टाच सुजून टम्म, बाभळीचा काटा आत मोडलेला. अंगावर काही न्हाई सापडलं. झोळी चाचपली तर लेकराच्या खाली, दुपट्यात गुंडाळलेल्या, बाईच्या नव्या कोऱ्या चपला.

मी म्हणलं, "अगं, पाय असा, आन चपला झोळीत?"

मंग ती बोलली, आन एकदा सुरू झाली ती थांबंना. काटा मोडला म्हणून नवऱ्यानं जालन्याच्या बाजारातून चपला आणल्या. सकाळी चुलीला गोवऱ्या आणायला ती चपला घालून अंगणातून गेली, आन समोर सासरा, आन सासऱ्याजवळ गावातली दोन माणसं. आता हे सगळ्यांना ठावं हाय, वडीलधाऱ्यासमोर सुनंनं पायात काही घालून जायचं न्हाई. पारापुढून जायचं तरी आम्ही चपला हातात घेतो, पुढं गेल्यावर घालतो. मी बी तसंच करत आले. ती म्हणली, "पायाच्या ठणक्यात ध्यानातच न्हाई राह्यलं अक्का."

माणसं उठून गेली तसा सासरा बोलला, "जाळ त्या." नवरा म्हणला, "आबा, तिचा पाय बघा." सासऱ्यानं पाय न्हाई बघितला. स्वतःची काठी उचलली ती सुनंवर. नवऱ्यानं मधी येऊन हात धरला. नुसता धरला. सासऱ्यानं हिसका दिला, तोल गेला, ओट्याच्या दगडावर डोकं आपटलं.

"काठी?"

"घरीच हाय, दाराआड. मामंजींचीच काठी ती. मी कुठं दडवू?"

"मंग तुझा नवरा सांगत का न्हाई जमादाराला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच येडी. "सासऱ्यानं सुनंवर काठी उचलली असं ठाण्यात लिहायचं? गावात तोंड कसं दाखवतील मामंजी? हे म्हणले, मी जाईन आत, पर आबाचं नाव जाऊ द्यायचं न्हाई. मला बी शपथ घातली. अक्का, तू कुणाला सांगशील तर..." आन तिनं माझा हात पोराच्या टाळूवर दाबला.

एवढं झालं.

बाहेर आले. आतल्या खोलीतून जमादाराचा आवाज. "बापावर हात टाकतो? बोल!" आन चापट. पोराचा आवाज न्हाई. माझं पोरगं कडेवर हुंदके देऊन राह्यलं. मी रांजणापाशी गेले, तांब्या भरला, परत ओतला. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा. मी शपथ घेतलेली, आन शपथ काही माझ्या जिवाची न्हवती.

मंग माझी नजर म्हाताऱ्याच्या डोक्यावरच्या रुमालावर गेली. त्याचा स्वतःचा पटका मांडीवर होता. मंग डोक्याला बांधलेला रुमाल कुणाचा? जमादार ज्याला उघड्या डोक्याचा म्हणून शिव्या देऊन राह्यले त्याचा. त्यानं डोक्याचा काढून बापाला बांधला होता.

मी परत खोलीत गेले. ती लेकराला पाजून राह्यली होती. मी काही न बोलता चपला उचलल्या आन पदराखाली घेतल्या. तिनं बघितलं. "अक्का," एवढंच म्हणली.

म्हाताऱ्याला तांब्या दिला. आन त्याच्या जोड्याशेजारी त्या चपला ठेवल्या, सरळ, जसा त्याच्या पोरानं त्याचा जोडा ठेवला होता.

तो पाणी पिता पिता थांबला. "जाळ म्हणलो होतो."

"न्हाई जाळल्या. झोळीत सापडल्या. जमादाराला मी दाखवल्या न्हाईत."

"काय बोलली ती?"

मी म्हणलं, "सगळं बोलली बाबा. आन कुणाला सांगू नको म्हणून ह्या लेकराची शपथ घातली मला. ती मी तुमच्यापाशी मोडून राह्यले."

त्यानं तांब्या खाली ठेवला.

"बाबा, गाडी कुणी जुपली सकाळी?"

"त्यानंच. दुसरं कोण हाय घरात?"

"डोकं कुणी बांधलं?"

त्यानं रुमालाला हात लावला, जसं काही आत्ताच कळलं डोक्यावर काय हाय ते. आत परत चापट वाजली. म्हातारा म्हणला, "तोंडावर नका मारू म्हणावं. कान फुटतो त्याचा लहानपणापासून."

"मी कशी सांगू? मला कोण विचारतं? तुम्ही सांगा."

तरी तो उठंना. आपल्या हाताकडं बघत बसला, पोरानं धरलेल्या मनगटाकडं. मंग बोलला, माझ्याशी न्हाई, असंच. "माझा बाप माझ्या मायला बडवायचा. मी दाराआड उभा राहायचो. चांगला ह्याच्याएवढा होतो. मी न्हाई धरला कधी त्याचा हात. लोक म्हणायचे, पोरगं बापाच्या अर्ध्या वचनात हाय." मनगट चोळलं. "भीत होतो मी. दुसरं काही न्हवतं ते."

तेवढ्यात फौजदारांची सायकल आली. म्हातारा उठून उभा राह्यला.

"साहेब, मी घसरलो. ओट्यावरून. पोराचा काही कसूर न्हाई."

जमादार आतून आले ते लालच झाले. "सकाळी काठी, आता ओटा? ठाणं हाय का तमाशा?"

फौजदारांनी कागद वाचला, म्हाताऱ्याकडं बघितलं. "आबा, खोटं सकाळी बोललात की आत्ता?"

"सकाळी."

"का?"

"डोक्याला मार होता."

फौजदार हसले न्हाईत. पोराला बाहेर बोलावलं, गालावर पाच बोटं उठलेली. "अहो, तुम्ही सांगा. काय झालं?"

पोरानं आधी बापाकडं बघितलं. "आबा म्हणतात तसं."

"सकाळी आबा म्हणत होते तुम्ही मारलं."

"तवा बी आबा म्हणतील तसंच होतं."

फौजदारांनी पेनाचं टोपण लावलं. म्हाताऱ्याचा नवा जबाब लिहून अंगठा घेतला, दवाखान्यात पट्टी करून घ्या म्हणले, आन सोडलं. जमादार माझ्याजवळून जाता जाता पुटपुटले, "असे बाप मऊ पडतात म्हणून पोरं बिघडतात." त्यांना मी कधीच काही सांगितलं न्हाई. ते वाईट न्हवते. माझे मालक गेले तेव्हा त्यांनीच ह्या कामासाठी शब्द टाकला होता. त्यांचं शिकणं तसं होतं, जो खाली बघतो तो गुन्हेगार, जी बोलत न्हाई ती चोर. पण त्या घरात गप राहणं हीच तर त्यांची रीत होती. चार वरसांत मी हेच एक शिकले, की माणूस कशापायी गप हाय ते आधी बघावं, मंग त्याला मारावं का न्हाई ते ठरवावं.

गाडी जुपली. म्हातारा चढून बसला. सून चपला हातात घेऊन लंगडत आली. पोरानं तिच्या हातातून चपला घेतल्या आन जमिनीवर ठेवल्या. ती घालंना. सगळे उभेच. मंग म्हाताऱ्यानं काय केलं, गाडीत बूड सरकवून तोंड बैलांकडं केलं, पाठ आमच्याकडं, आन म्हणला, "चल रे, ऊन झालं." तिनं घातल्या.

ती जाताना मला वाटलं वळून बघंल. न्हाई बघितलं.

पुढं आठ दिवसांनी माझ्या पोराला ताप भरला. तीन दिवस उतरंना. मी मारुतीला जाऊन बसले, नाक घासलं, म्हणलं, शपथ मी मोडली, ताप मला दे, त्याला कशापायी? चौथ्या दिवशी उतरला. लोक म्हणतात त्या वरसाला सगळ्याच लेकरांना ताप आल्ता. असंल. मी अजून झोपेत त्याचं कपाळ चाचपते. आता तो सहा वरसाचा हाय आन मला उलट बोलतो, "का पण?" विचारतो. मी हात उचलते आन मला म्हाताऱ्याचं ते मनगट आठवतं.

सुनंला मी एकदा बाजारात बघितलं. सासरा पुढं, चांगला वीस पावलं पुढं, मागं न बघता चाललेला. ती मागं, पायात चपला. मी हाक मारली. तिनं ओळखलं, मला ठावं हाय ओळखलं. पदर पुढं ओढला आन निघून गेली. मी तिचा विश्वास मोडला होता, नवरा सुटला तरी मोडलाच होता.

आता तुम्ही सांगा. लेकरू तुमच्या कडेवर, त्याच्या टाळूवर हात ठेवून तुम्ही शब्द दिलेला. आत एक पोरगा बापाची अब्रू राखायला मार खाऊन राह्यलेला, घड्याळात साडेअकरा, आन मोटार यायची. त्या ओसरीवर तुम्ही काय केलं असतं?