पेटीतले देव

एवढी वर्षं झाली, पण बंद दारापुढे ठेवलेली ती भाकरी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वेठबिगारीविरुद्धचा कायदा तेव्हा नवा होता. मी कोल्हापूरजवळच्या एका ठाण्यात फौजदार होतो आणि आपल्या हद्दीत असलं काही नाही, असं वरिष्ठांना बेधडक लिहूनही दिलं होतं.

खबर आणली एका मुसलमान ट्रक ड्रायव्हरने. पंचगंगेकाठच्या एका भट्टीवरून तो नव्या सूतगिरणीच्या बांधकामावर विटा पोचवायचा. ठाण्यात आला, पण बसायला तयार होईना. "सायेब, पावसाळ्यात भट्टी बंद असती, मजूर गावाकडं जात्यात. पर दुष्काळी भागातली चार घरं दोन पावसाळं झालं, तिथनं हललीच न्हाईत. बघा की जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराला घेऊन भट्टीवर गेलो. मालक छातीठोकपणे म्हणाला, "कुलूप दिसतंय का कुठं सायेब? ज्याला जायाचंय त्यानं खुशाल जावं की!" मजुरांचे जबाब घेतले, तर सगळ्यांचं एकच, आम्ही खुशीनं राहतोय. माझा पारा चढला. दोघा-तिघांवर मी ओरडलोही, त्याची आज लाज वाटते.

दुपारी जेवणाच्या वेळी त्या मजुरांतली एक पन्नाशीची बाई मालकाच्या बंद खोलीपुढे आली. उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा ठेवून तिने हात जोडले. कुत्र्यासाठी असेल असं मला वाटलं, पण कुत्रं आलं तर तिनेच त्याला हाकललं.

"मावशी, हे कुणाला?"

"देवाला."

"इथं कुठला देव?"

ती बंद दाराकडे बघत राहिली आणि एकदम रडायला लागली. मग तिने सांगितलं: कामाआधी उचल दिली तेव्हा, झोपडीत चोरी होईल म्हणून मालकाने चारही घरांचे चांदीचे टाक, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे देव, आपल्या ह्या खोलीतल्या पेटीत ठेवून घेतले होते. उचल फिटली असं तो कधी म्हणेना आणि देव काही देईना.

"पोरीचं लगीन ठरलंय सायेब. देव हितं टाकून कसं जायाचं? देवांबिगर तिला हळद कशी लावू?"

पंचांसमक्ष पेटी उघडली. चार गाठोडी निघाली. मालकाला अटक करून सगळ्यांना ठाण्यात आणलं आणि सवयीने मी हवालदाराला म्हणालो, "गाठोडी मुद्देमालात जमा करा."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी आता तुमच्या पेटीत व्हय?"

मी हवालदाराला हाताने थांबवलं आणि गाठोडी टेबलावरच ठेवली.

तेवढ्यात सूतगिरणीचे मॅनेजर भट्टीमालकाची रदबदली करायला आले. "आमचा संबंध विटांशी. मजूर त्याचे, तो बघेल." बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर नोंदीसाठी उघडलेल्या गाठोड्यांतल्या देवांवर गेली. त्यांनी बूट काढले. मग म्हणाले, "दोन वर्षं ह्यांच्या हातच्या विटा घेतोय. एकदाही भट्टीवर पाय ठेवला नाही मी."

मी त्यांना सांगितलं की कोर्ट सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटल्यात लागतील तेव्हा हजर करू अशा हमीवर, देव परत देईल, पण इथला कुणीतरी जामीन लागेल.

"मी राहतो," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी कोर्टाने देव सोडले. प्रांतसाहेबांनी चारही घरांना मुक्ततेचे दाखले दिले. बाईने गाठोडं लेकरासारखं पोटाशी धरलं, तेव्हा माझ्या हवालदारानेही डोळे पुसले. मॅनेजरनी विचारलं, "मावशी, आणखी काही हवंय?"

"मला काय नगं. पुढच्या विटा कुणाच्या हातच्या घेता, तेवढं बघा की."

खटल्यात मालकाला किरकोळच शिक्षा झाली. मॅनेजर मात्र पुढे प्रत्येक भट्टीवर स्वतः जाऊ लागले, मजुरांत बसून चहा घेऊ लागले. माल घेणाऱ्याने एवढं केलं, तर आम्हा पोलिसांना पुष्कळदा जावंच लागणार नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं.

निवृत्तीनंतर मी घर बांधायला काढलं. विटा ठरवण्याआधी भट्टीवर गेलो आणि तिथल्या बायामाणसांशी बोलत बसलो. भट्टीवाला वैतागला. "पावणं, विटा घेताय का सोयरीक जुळवताय?"

"सोयरीकच म्हणा," मी म्हणालो. "ह्यांच्या हातच्या भिंतीत उरलेलं आयुष्य काढायचंय मला."