पाणी गेलं का?

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या दारात उकिडवी बसून नालीच्या जाळीत अडकलेली पानं उपसत होते. हातात नलूताईनंच दिलेले पिवळे रबरी ग्लव्हज. "सुलभा, नलू गेली गं," भाऊजी म्हणाले. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली पानं काढली. मग आत येऊन तांदळाच्या पोत्यावर बसले ती गिऱ्हाईक येईपर्यंत तशीच. वर्षभराचं आजारपण, म्हणजे मनाची तयारी झाली असेल, असं जो तो म्हणत होता. कसली डोंबलाची तयारी! आता काही आठवडे झालेत, पण अजून कोणी "सावरलीस ना?" विचारलं की मला नुसता थकवा येतो.

नलूताई माझी थोरली जाऊ. भाऊजी इथे विलायतेत हॉस्पिटलात डॉक्टर, त्यांच्याबरोबर ती आली आणि सांगलीच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या जोरावर एका कंपनीत लागली. दुकानांच्या ओळी, ऑफिसं, गोदामं यांच्या बाहेरचं आवार सांभाळायचं, म्हणजे फरशी, कारपार्क आणि मुख्य म्हणजे त्यावर पडलेलं पाणी जातं कुठे ते बघायचं. डॉक्टरीणबाई असून गटारं काय उपसते, असं नातेवाईक कुजबुजायचे. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एका लग्नात वरात यायच्या वेळेला ताई दिसेना म्हणून मी बाहेर गेले, तर बाई सिल्कची साडी वर खोचून हॉलच्या कारपार्कात उभी! म्हणाली, "ढाळ बघ कुठे दिलाय मेल्यांनी. सगळं पाणी दाराकडे." मी म्हटलं, "ताई, अक्षता पडतील हो तिकडे." तर म्हणे, "पडू दे, डबक्यात पडण्यापेक्षा बऱ्या."

ती दमायची खूप. पानगळ सुरू झाली की रोज कुठली तरी जाळी तुंबलेली, कुठे फरशी खचलेली, आणि आज साफ केलेलं उद्या पुन्हा भरलेलं. "इथला पाऊस भांडत नाही गं," ती म्हणायची, "नुसती पिरपिर करतो. भांडणाऱ्याशी निभावता येतं, पिरपिऱ्यापुढे हात टेकावे लागतात." कामावरून परस्पर आमच्याकडे आली की बूट काढायच्या आधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहायची. मी चहा हातात द्यायचे, तो तिथेच प्यायची.

माझं दुकान हाउन्सलोतल्या एका छोट्या ओळीत आहे. किराणा, फराळ, पूजेचं सामान. नशीब बघा, त्या ओळीचं आवार ताईच्याच कंपनीकडे. एका हिवाळ्यात दुकानात पाणी शिरायला लागलं. पिठाची पोती खालून भिजली, लादीखाली ओल धरली, आणि गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरायला लागली. जागेच्या मालकाचं म्हणणं सरळ होतं. दारासमोरची नाली मीच तुंबवते, आणि असंच चालणार असेल तर लीज वाढवून मिळणार नाही. दुकान गेलं असतं तर आम्ही उभे कशावर राहिलो असतो? नवऱ्याची पाठ धरलेली, त्याच्याच्यानं दुसरं काम होण्यासारखं नव्हतं.

पाहणीला कंपनीनं ताईलाच पाठवलं. मला वाटलं, चला, घरचंच माणूस आहे. तिनं आकडा घालून जाळी उचलली, खाली हात घातला आणि पांढरा, रंगीबेरंगी, घट्ट गोळा बाहेर काढला. माझी रांगोळी! रोज सकाळी उंबरठ्यासमोर सडा घालून रांगोळी काढायची सवय माझी, अगदी जाळीला लागून. संध्याकाळी ती झाडून टाकायची तीही त्याच जाळीत. शेजारची मंडळी कौतुकानं फोटो काढायची, आणि ती पूड खाली जाऊन सिमेंटसारखी बसत होती. "ताई, हे रिपोर्टात लिहू नका," मी हात जोडले. "घरातलं घरात राहू दे."

"खोटं मी लिहिणार नाही," ताई म्हणाली. मग हात पुसत पुसत खाली फरशीकडे बघत राहिली... "पण अर्धं खरंही लिहिणार नाही. उद्या मालकाच्या माणसाला बोलावते. एक बादली भरून ठेव, आणि तुझा रांगोळीचा लाल रंग."

मला रात्रभर तिचा राग येत होता. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस आला, छत्री उघडून लांब उभा राहिला. ताईनं आधी तो गोळा त्याला दाखवला, काही न लपवता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं नाली आरपार साफ केली, आत पाणी ओतून सुळकन जातंय हे दाखवलं. आणि मग बादलीत लाल रंग कालवून ती समोरच्या फरशीवर ओतली. लाल पाणी सरसर नालीकडे आलं... आणि जाळीच्या कडेला येऊन थांबलं. मालाच्या व्हॅन रोज तिथे उभ्या राहून फरशी खचली होती, जाळी वर राहिली होती. पाण्याला ती चढता येईना. ते कडेकडेनं वळलं आणि जाळीहून सखल असलेल्या माझ्या उंबरठ्यावरून थेट आत शिरलं. नाली मोकळी, आणि पाणी दुकानात! बघायला जवळ आलेल्या छत्रीवाल्याचे बूट लाल झाले होते. "रांगोळी ती बंद करेल," ताई त्याला इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "फरशी तुम्ही उचला."

फरशी उचलली, खालचा खडीचा थर नव्यानं ठोकून जाळीपेक्षा किंचित उंच बसवली. लीज वाढली. दुकान राहिलं, म्हणून घर राहिलं. मी रांगोळी आता आत, दाराशी पाटावर काढते. तो पाटही ताईनंच आणून दिला. आणि त्या दिवसापासून जरा जोराचा पाऊस लागला की तिचा फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. एकच प्रश्न, "पाणी गेलं का?" मी "गेलं" म्हटलं की खटकन फोन बंद. कधी कधी मी वैतागायचे. अहो, दर वेळी काय तेच तेच! आता म्हणते, विचारा हो, दिवसातून दहादा विचारा.

शेवटचं भेटले तेव्हा हॉस्पिटलात तिची कॉट खिडकीशी होती. बोलायचं त्राण नव्हतं. समोरच्या ऑफिसच्या कारपार्कात मोठं डबकं साचलं होतं, तिकडे तिनं बोट केलं. "बघितलंस?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "आता तरी सोडा ताई." ती हसली आणि डोळे मिटले... सोडलं नसणार.

परवा दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. मी ग्लव्हज चढवून दारात उभी राहिले. पाणी आलं, जाळीवरून खाली गेलं. मी मागे वळून काउंटरवरच्या फोनकडे बघितलं. सवय, दुसरं काय. आणि फोन वाजला. भाऊजी होते. आयुष्यात कधी त्यांनी दुकानाची चौकशी केली नव्हती. दुकानासमोर नाली आहे हे तरी त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

"सुलभा," ते म्हणाले, "इकडे फार पाऊस लागलाय गं... पाणी गेलं का?"

"गेलं, भाऊजी," मी म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही नाही.