आतली बाजू

आमच्या गल्लीतली पोरं त्याला ठोकेकाका म्हणतात. मी ठोकेदादा म्हणतो. कारखान्यात तो बॉयलर साफ करायचा, मी फिटर होतो. आता दोघेही घरी बसलो आहोत. त्याची खोली आणि माझी खोली यांत एकच भिंत आहे.

तो दिसेल त्यावर ठोकतो. जिन्याचा कठडा, पाण्याचा पाइप, दुकानाचं शटर. बोट वाकवून एक ठोका द्यायचा, मग मान कलती करून थांबायचं. वहिनी न्हाणीघरात गेली की तो दारावर ठोकायचा आणि तिने आतून तांब्याने ठोका द्यायचा. एकदा साबण डोळ्यांत गेला म्हणून तिला उशीर झाला, तर याने दाराची कडीच उखडली. ती मी बसवून दिली. तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, लोकांच्या बायका संसारात काय काय शिकतात. मी ठोक्याला ठोका द्यायला शिकले."

हे कुठून आलं ते सांगतो. बॉयलरच्या आत पाण्याचा क्षार साठतो, दगडासारखा थर. बॉयलर थंड आणि रिकामा करून माणूस तोंडातून आत शिरतो आणि हातोडीने तो थर पाडतो. एक माणूस आत, एक तोंडावर. आतल्याने शिरल्याबरोबर तोंडाच्या उजव्या बाजूला पत्र्यावर हातोडीचा एक ठोका द्यायचा, म्हणजे पोचलो; तिथे थराची खपली उडते. मग मधूनमधून बाहेरच्याने ठोकून विचारायचं, आतल्याने ठोकून उत्तर द्यायचं. अडचण आली तर हात पोचेल तिथे सलग ठोकायचं. ओरडून उपयोग नसतो, आवाज आतच घुमतो.

त्या दिवशी आत त्याचा धाकटा भाऊ होता, तोंडावर हा. पोचल्याचा ठोका आला. थोड्या वेळाने याने विचारलं, उत्तर नाही. शेजारचा बॉयलर वाफ सोडत होता, कानठळ्या बसत होत्या. याला वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नसेल. पुन्हा विचारलं. मग आरडाओरडा केला. आतली हवा विषारी झाली होती. धाकट्याला आम्ही दोर लावून बाहेर काढलं, तोवर तो गेला होता. दोर ओढणाऱ्यांत मी होतो. आतल्या भिंतींकडे बघायची शुद्ध कोणालाच नव्हती.

चौकशीत याने सांगितलं, ऐकू आलं नाही. पुढे घरात तेच उगाळत बसला. धाकट्याने ठोकलंच नाही, की ठोकलं आणि मी ऐकलं नाही? तो बॉयलर पुन्हा पेटला नाही. त्याचं तोंड बंद केलं, मग कारखानाही बंद पडला, माणसं पांगली. ठोकेदादा मात्र तोंडावरच बसून राहिला.

मध्यंतरी त्याच्या नावाने ट्रान्सपोर्टमधून एक खोकं आलं. पाठवणारा लंबू, आमचा जुना वेल्डर. तो आणि त्याचा साडू दूर एका बंदरात भंगार तोडायचं काम करतात. भेट नाही, फोन झाला तर झाला. खोकं वर आणताना आम्ही दोघे म्हातारे जिन्याच्या प्रत्येक वळणावर टेकलो. लंबूने समुद्राचा धक्काच उखडून पाठवला की काय, असं वहिनी म्हणाली.

आत गोणपाट, गोणपाटात जुनी चादर, चादरीत लोखंडी पत्र्याचा तुकडा. परातीएवढा, करंगळीइतका जाड. त्यावर खडूने लंबूचं अक्षर होतं: आतली बाजू खाली आहे, आपटू नका. एका कडेला बॉयलरच्या तोंडाचा गोलावा होता. तो पाहिला आणि ठोकेदादाने हात मागे घेतला.

पत्रा मीच उलटला. आतून क्षाराचा थर, पांढरट, अखंड. त्यात एकाच जागी नखाएवढी खपली उडालेली, खालचं लोखंड गंजून लाल झालेलं.

वहिनीने विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, धाकटा पोचलो म्हणाला ती जागा.

मी कडा पाहिल्या. गॅसने कापलं असतं तर तापून थर गळाला असता. छिन्नी मारली असती तर हादऱ्याने गळाला असता. कडांवर हातकरवतीच्या रेघा होत्या. एवढा जाड पत्रा हाताने कापायचा म्हणजे खांदा उतरतो, बोटं मिटत नाहीत. तेही दिवसभर राबून, वरच्या वेळात. मी नोकरीत पुष्कळ लोखंड कापलं. कोणासाठी असं कापलेलं नाही.

फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. लंबूने सांगितलं की यार्डात बॉयलर आला, त्याच्या पायाला आपण मारलेला जोड दिसला, म्हणून ओळखला. मुकादमाच्या हातापाया पडून तो शेवटपर्यंत बाजूला ठेवायला लावला. ठोकेदादा म्हणाला, "हात दुखले असतील तुझे."

"साडूचे दुखले. मी नीट काप, नीट काप म्हणत होतो." मागून साडूने शिवी हासडली. मग लंबूचा आवाज उतरला. "दादा, मी दिवा घेऊन आत शिरलो होतो. सगळा फिरलो. दुसरा ठोका कुठेच नाही. त्याने ठोकलंच नाही रे."

ठोकेदादाने विचारलं, "काम कुठवर आलं होतं?"

"मागच्या टोकाला. हातभर जागा साफ केलीय."

"कडा कशा आहेत?"

"सरळ. पट्टी लावल्यासारख्या."

"मग धाकट्याचंच काम," ठोकेदादा म्हणाला.

आभार मानायला तो कधी शिकला नाही. त्याने पत्रा फोनजवळ ओढला आणि बाहेरच्या बाजूने, बोटाच्या हाडाने, एक ठोका दिला. तिकडे शांतता. मग कुठल्यातरी लोखंडावर हातोडी पडली, एकदाच. याने मान कलती केली होती. ती सरळ झाली. फोन वहिनीने बंद केला.

पत्रा आता त्यांच्या खोलीत भिंतीशी उभा आहे, आतली बाजू भिंतीकडे. ठोकेदादाने ठोकणं सोडलं. जिना उतरतो तेव्हा हात खिशात असतात.

वहिनीची सवय मात्र गेलेली नाही. न्हाणीघरात गेली की ती आपणहून तांब्याने ठोका देते. दाराबाहेर कोणी नसतं. मला भिंतीतून ऐकू येतं. सुरुवातीला मी ऐकून सोडून दिलं. पण तो ठोका खोलीत तसाच राहायचा, जायचाच नाही. परवा मी पाना घेतला आणि भिंतीतून तिकडे गेलेल्या पाइपवर एक ठोका दिला.

आता तिच्या आंघोळीच्या वेळेला मला घर सोडून कुठे जाववत नाही.