गोडाला नाक मुरडणारी झुरळं

फवारेमामांचं खरं आडनाव त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं. तरुणपणी पाठीला पंप लावून दारोदार झुरळांचं औषध फवारत हिंडायचे, म्हणून फवारेमामा. पुढे पंप गेला, पिचकारीतून टाकायची गोड जेल आली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बिजागरीच्या मागे, ओट्याच्या खाचेत मोहरीएवढा ठिपका टाकायचा. गोडाच्या ओढीनं झुरळ येणार, खाणार आणि मरणार. या धंद्यावर मामांनी घर उभं केलं, मुलाचं लग्न केलं.

एके दिवशी सकाळीच बेकरीच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"मामा, औषध टाकलंत की नुसताच पाक? झुरळं मजेत फिरतायत!"

इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक असं बोलल्यावर मामा तडक बेकरीत गेले. पिठाच्या कोठीची खिडकी लावली, दिवा घालवला आणि बॅटरीला लाल कागद गुंडाळून उकिडवे बसले. लाल उजेड झुरळांना दिसत नाही. थोड्या वेळानं रॅकखालून एक झुरळ निघालं. मिशा हलवत ठिपक्यापाशी आलं, तोंड लावलं आणि चटका बसावा तसं मागे उडालं. मग पायांनी तोंड पुसत बसलं. मागून दुसरं आलं. तेही मागे उडालं. तिसऱ्यानं तर ठिपक्याला वळसा घालून शेजारचा पावाचा चुरा खायला घेतला.

मामांनी उभ्या आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. त्यांनी नवी ट्यूब फोडून ताजा ठिपका टाकला. त्याचीही तीच गत.

"काय झालं मामा? चेहरा का असा?" बाई दारातून म्हणाल्या.

"बाई, झुरळं गोड खात नाहीत," मामा कसेबसे म्हणाले. आपलंच वाक्य त्यांना खुळ्यासारखं वाटलं.

मामांची सून कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. मामांनी बेकरीतली झुरळं बरणीत घालून तिच्यापुढे ठेवली. "बाबा, दुसरीकडची पण आणा," ती म्हणाली, "जिथे कधीच औषध पडलं नाही, अशा घरातली." ती मिळायला लांब जावं लागलं नाही. मामांचा धाकटा भाऊ इतका आळशी, की सख्खा भाऊ या धंद्यात असून त्यानं घरात कधी औषध मारून घेतलं नव्हतं.

सुनेनं दोन्ही बरण्यांत ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब टाकला. जेलमध्ये हीच साखर असते. भावाकडच्या झुरळांची त्यावर झुंबड उडाली. बेकरीतली उडी मारून मागे सरली. मग तिनं फळांतल्या साखरेचा थेंब टाकला, तर तो बेकरीतल्यांनीही मिटक्या मारत संपवला.

"म्हणजे यांना ग्लुकोजच तेवढं कडू लागतं," सून म्हणाली.

"एकदा खाऊन आजारी पडली असतील. शहाणी झाली," मामा म्हणाले.

"ते कळेलच. ही मादी बघा, पोटाला अंड्यांची पिशवी आहे. पिल्लं बाहेर येऊ द्या."

बरण्या कपाटावर चढल्या आणि मामींचा पारा त्यांच्याही वर. "जन्मभर मारली आणि म्हातारपणी पाळायला लागलात? उद्या बारसंही घाला!"

पिल्लं निघाली. तिळाएवढी, अर्धपारदर्शक. ना त्यांनी बेकरी पाहिलेली, ना मामांची जेल. जरा मोठी झाल्यावर सुनेनं ग्लुकोजचा थेंब टाकला. पिल्लं पुढे आली, तोंड लावलं आणि झटक्यात मागे पळाली.

मामा बरणीवर वाकले. "यांना कुणी शिकवलं गं?"

"कुणीच नाही, बाबा. जन्मतःच तशी आहेत. हजारांत एखाद्या झुरळाला आधीपासूनच ही साखर कडू लागत असणार. एरवी ते उपाशी राहिलं असतं, मागे पडलं असतं. पण तुमची जेल आली. ज्यांना गोड आवडायचं ती मेली. ज्याला ते नावडायचं तेवढंच वाचलं, त्याला पिल्लं झाली, त्यांना पिल्लं झाली. आता कोठीभर तीच. उत्क्रांती म्हणतात ती हीच. वर्गात मी फळ्यावर शिकवते, तुम्ही ती बेकरीत पाहिलीत."

"म्हणजे गोड खाणारी मी वेचून मारली, आणि ही..."

"हो."

शत्रू म्हणून मामा ज्यांच्या मागे जन्मभर लागले, त्यांची अख्खी जात आपणच निवडून निवडून वाढवली होती? तेही आपल्या नकळत, एवढ्याशा ठिपक्यानं? मामींनी पुढे केलेला चहा हातातच निवला.

पुढच्या आठवड्यात मामांनी ग्लुकोज नसलेली दुसरी जेल मागवली. बेकरीत ठिपके टाकले, लाल बॅटरी घेऊन पुन्हा कोठीत बसले. झुरळं आली आणि तुटून पडली. मालकीणबाई खूश झाल्या, मामांना ताजा पाव बांधून दिला.

"आता कायमचा बंदोबस्त ना, मामा?"

पूर्वीचे मामा क्षणात "हो" म्हणाले असते. आज त्यांनी लाल बॅटरी पुन्हा ठिपक्यांवर धरली. त्या गर्दीतलं एक झुरळ मागेच उभं होतं. पोट भरलेलं असेल, किंवा नसेलही. मामा गुडघ्यावर वाकले, नाक जमिनीला टेकेपर्यंत, आणि ते खातंय का, हे बघत राहिले.