लिओनीसला पाणी देऊ नका

पुढे लिओनीस त्रिनिदादला धावली, बार्बाडोसला धावली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत ग्रेनाडातर्फे उतरलेली ती पहिली बाई. गुडघे गेल्यावरही गुयावच्या पोरींना ती किनाऱ्यावरच्या वाळूत पळवत असे. पण हे सगळं ईस्टरच्या त्या सोमवारी ग्रँड मालच्या वळणावरच संपलं असतं.

आमचं गाव गुयाव ते राजधानी सेंट जॉर्जेस ही शर्यत पुरुषांची. लिओनीस वखारीत जायफळं निवडायला बसायची आणि कामावर पळतच यायची. मलाही धावू द्या, म्हणून ती शर्यतीच्या समितीच्या मागे लागली. शेवटी ते म्हणाले, "पळ. पण मध्येच बसलीस तर पुन्हा कुठल्या बाईचं नाव घेणार नाही."

तिच्या आईला, उर्सुलिनला, वेगळीच धास्ती; सगळं गाव तिला टँटी, म्हणजे काकू, म्हणायचं. तापल्या अंगाला गार पाणी लागलं की अंगावरून वारं जातं, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. उर्सुलिनची बहीण इस्त्री करून उठली, हात धुतले, आणि तिचं तोंड वाकडं झालं ते मरेपर्यंत. म्हणून आदल्या दिवशी उर्सुलिनने बसवाल्याकरवी वाटेवरच्या गावागावांत निरोप धाडला: लिओनीसला पाणी देऊ नका.

शर्यतीच्या दिवशी उर्सुलिन आणि मी, तिची शेजारीण, शहराच्या अलीकडे ग्रँड मालला रस्त्याकडेला मासे तळून विकत होतो. बरेचसे पुरुष पुढे निघून गेले. मग एक कोळी सायकलवरून आला.

"टँटी, तुझी पोरगी प्यायल्यासारखी झुलतेय. कॉन्कॉर्डला पाणी मागितलं, तर बायकांनी बादल्या घरात नेल्या. हॅलिफॅक्सला कढत कोको पुढे केला."

"बरं केलं," उर्सुलिन म्हणाली. पण तिच्या हातातला झारा थांबला.

लिओनीस वळणावर दिसली. ओठ पांढरे, घाम आटलेला. येऊन तिने आमचं टेबल घट्ट धरलं.

"आई, पाणी."

"जरा निव, मग देते."

"निवायला बसले तर उठायची नाही मी."

"मावशी विसरलीस?"

"मावशी उभी तरी होती. मी आता पडेन."

मागून समितीची गाडी येऊन थांबली. आतला माणूस म्हणाला, "बसवा हो तिला. झाली हौस."

उर्सुलिन सकाळपासून निखाऱ्यांपाशी होती. तिचंही अंग भाजून निघालं होतं. तिने बादली उचलली. मी हात धरायला गेले, तोवर तिने अर्धं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं होतं. डोळे मिटून ती उभी राहिली. जबडा हलवून पाहिला. एक हात वर केला, मग दुसरा.

"अजून तरी धड आहे," ती म्हणाली. "पी. वारं जायचंच असेल तर आधी माझ्यावरून जाईल."

लिओनीस प्यायली, उरलेलं डोक्यावर ओतलं आणि चालू लागली. उतारावर ती पळताना दिसली. गाडी तिच्या मागे निघाली.

उर्सुलिन मात्र निथळत रस्त्यातच उभी. जागची हलेना. बऱ्याच वेळाने शहराकडून बस आली. ड्रायव्हरने खिडकीतून सांगितलं, "पोचली, टँटी. तीन गडी मागे टाकले."

"तोंड सरळ आहे ना तिचं?"

"सरळ? मिटतच नाहीये. समितीशी भांडतेय, पुढच्या वर्षी गावोगाव पाणी ठेवा म्हणून."

तेव्हा कुठे उर्सुलिन रस्त्याच्या कडेला खाली बसली.